दोराचं दुसरं टोक

१

झाडावर चढण्याआधी धम्मदीप नारळ फोडत नसे की बुंध्याच्या पाया पडत नसे. तो झाड वाजवून बघायचा. लाकडी मोगरी हातात घेऊन बुंध्याभोवती हळूहळू फिरायचं, वीतभर अंतरावर ठोका टाकायचा आणि कान द्यायचा, एवढीच त्याची पूजा. भरीव लाकूड टणक बोलतं, कुजलेलं बद्द वाजतं. पंधरा वर्षं तो या कामात होता आणि त्याचा कान चुकला असं एकदाही झालं नव्हतं.

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष मुळापासून हात पोचेल तिथपर्यंत नुसता बद्द वाजला. बुंध्याशी बुरशीच्या तांबूस टणक छत्र्या उगवल्या होत्या. चार मजली इमारतीच्या बरोबरीला आलेलं हे झाड आतून पार पोकळ होतं आणि त्याच्या चार जाड फांद्या सरळ लोकांच्या गॅलऱ्यांवर आल्या होत्या.

"आपण झाड छाटायला आलात की वाजवायला?" सोसायटीच्या सेक्रेटरी पूर्णिमा आगाशे हातात फाइल घेऊन उभ्या होत्या. "वाजवायचंच असेल तर गणपतीत या. तेव्हा आम्हाला माणसं कमी पडतात."

"मॅडम, खोड आतून गेलंय. याच्यावर अंगाचा भार टाकता येणार नाही."

"मग काय, खालून फुंकर मारणार?"

धम्मदीप हसला. पुण्यात राहायचं तर कातडी जाड लागते, आणि त्याची तर हडपसरातच वाढलेली. त्याने समजावून सांगितलं. पार्किंगच्या पत्र्याच्या शेडपलीकडे एक जुना कडुनिंब होता. तो त्याने आधीच वाजवून पाहिला होता, खणखणीत. कडुनिंबाच्या उंच बेचक्यातून दोर घ्यायचा. एक टोक धम्मदीपच्या कमरपट्ट्याला, दुसरं खाली शर्मिलाच्या हातात, कडुनिंबाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन. पोकळ झाडाला पाय फक्त टेकायचे, भार सगळा दोरावर. उद्या फांदी मोडली तरी माणूस कडुनिंबाला लटकेल, खाली येणार नाही.

शर्मिला म्हणजे त्याची बायको. पूर्वी दोर धरायला भैरू होता. तीन वर्षांपूर्वी मगरपट्ट्याच्या मागे एका सोनमोहरावर भैरूने मोबाइल वाजला म्हणून एक हात काढला, आणि धम्मदीप आठ फूट खाली आला. खांदा निखळला, तीन महिने घरी बसावं लागलं. मांजरीच्या नर्सरीत रोपं भरणारी शर्मिला त्या रात्री एवढंच म्हणाली, "उद्यापासनं दोर मी धरणार." तिने धरला, आणि स्वतःचे कायदेही केले. दोघांचे मोबाइल बंद करून पिशवीत. भार असलेल्या दोराला तिसऱ्या माणसाने हात लावायचा नाही, मग तो कुणी का असेना. आणि तिचं उत्तर आल्याशिवाय त्याने दोरावर अंग टाकायचं नाही.

"धर!" तो वरून म्हणायचा.

"धरलाय!" ती खालून म्हणायची, मग तो अंग सोडायचा. दोर ढिला हवा असला की "सोड!" आणि खालून "सोडते!" या चार शब्दांवर तीन वर्षं त्याचा जीव लटकलेला होता. घरी दोघांची भांडणं व्हायची, अबोला व्हायचा, पण दोराच्या दोन टोकांना दोघं कधी भांडली नव्हती.

२

सकाळचे दहा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. धम्मदीप वर पोचला तेव्हा शर्मिला त्याला दिसेनाशी झाली. मध्ये शेडचा पत्रा आणि कडुनिंबाचा दाट पाला. असं नेहमीच व्हायचं, त्यासाठीच तर आवाज होता.

पहिली फांदी टोकाकडून तुकड्या-तुकड्याने उतरली. दुसरीही. पोकळ झाडाला हिसका बसू द्यायचा नसतो, म्हणून तो हातकरवतीनेच कापत होता. "धर!" "धरलाय!" "सोड!" "सोडते!" काम अगदी घड्याळासारखं चाललं होतं.

तिसऱ्या फांदीकडे सरकताना त्याला मुख्य बेचक्यातली ढोली दिसली. माणसाचं डोकं जाईल एवढं तोंड आणि आत काळोख. अशा ढोलीत हटकून राघू असतात, साळुंक्या असतात, नाहीतर निदान मुंग्या तरी. इथे काही नव्हतं. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं. ढोलीची कड मात्र गुळगुळीत होती, रोजच्या वापरातल्या उंबऱ्यासारखी. धम्मदीपला ते आवडलं नाही, पण न आवडण्यासारखं त्यात काय आहे हेही त्याला सांगता आलं नसतं.

त्याने पाय टेकले आणि हाक द्यायला तोंड उघडलं. "ध..."

"धरलाय!"

त्याचा शब्द अजून पुरा झाला नव्हता.

शर्मिला घाई करणारी बाई नव्हती. ती आधी वेढा चाचपायची, पाय रोवायची आणि मग बोलायची. त्या मधल्या दोन श्वासांची त्याला इतकी सवय होती की आज ते नव्हते तेव्हा पायरी चुकल्यासारखं झालं. पण दोर ताणलेला होता, नीट ताणलेला. कंटाळली असेल, ऊन लागत असेल, असं म्हणून त्याने करवत चालवली.

पुढच्या हाकेलाही तसंच. आणि या वेळी त्याच्या लक्षात आलं की उत्तर कडुनिंबाकडून आलं नव्हतं. त्याचा डावा कान खोडाला टेकलेला होता, आणि उत्तर त्या कानात आलं होतं.

पोकळ खोड म्हणजे एक नळकांडंच, त्याने स्वतःला सांगितलं. खालचा आवाज बुंध्याच्या भेगेतून आत शिरतो आणि वर निघतो. विहिरीत नाही का बोललेलं घुमतं? पटण्यासारखं होतं, त्याला पटलंही. तरी त्याने कान खोडापासून दूर घेतला आणि नंतर पुन्हा टेकवला नाही.

३

तिसरी फांदी अर्धी झाली तेव्हा त्याने एक गोष्ट करून पाहिली. अशी गोष्ट करून बघू नये हे त्याला करतानाच कळत होतं. पण शंकेचं कुसळ एकदा डोळ्यात गेलं की माणूस चोळल्याशिवाय राहत नाही.

तो अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाला, "धर."

शेडपलीकडच्या माणसाला हे ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"धरलाय," ढोलीतून उत्तर आलं. तेवढ्याच हळू. आवाज शर्मिलाचा होता. तिच्या आवाजात शेवटी जी थोडी खरखर असते तीसुद्धा होती. कमरेचा दोर बोटभर ताणला गेला.

"शर्मिला," तो म्हणाला, "पाणी संपलं का गं खाली?"

मग, "धरलाय."

"अगं, पाणी विचारतोय मी."

"धरलाय."

त्याने मान वळवून खाली पाहिलं. पालवीच्या एका फटीतून सोसायटीचं गेट दिसत होतं. गेटपाशी पूर्णिमा आगाशे उभ्या होत्या आणि समोर, कमरेवर हात ठेवून, पाण्याची बाटली काखेत मारून शर्मिला उभी होती. पूर्णिमाबाई तिला फुटपाथवर पडलेल्या फांद्या दाखवत होत्या आणि ती मान हलवत होती. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

धम्मदीप चाळीस फुटांवर लटकत होता आणि त्याचा दोर ताणलेला होता.

त्याचं डोकं अजून वाद घालत होतं. बांधून गेली असेल. नक्कीच, दोराला गाठ मारून गेली असेल. तिने असं कधी केलं नव्हतं, पण कधीतरी पहिली वेळ असतेच. गाठ मारलेला दोर ताणलेलाच राहतो, त्यात भिण्यासारखं काय? गाठ मात्र आपली आपण सुटत नाही. एवढं एक बघून घ्यावं, म्हणजे जीव थंड होईल.

"सोड," तो पुटपुटला.

"सोडते," ढोली म्हणाली, आणि दोर हातभर ढिला झाला. हिसका न देता, जपून, शर्मिला सोडते तसा.

गेटवरची शर्मिला अजून मान हलवत होती.

मग तो ओरडला. छातीत होता तेवढा सगळा श्वास काढून ओरडला, "शर्मिला!"

तिने वळून पाहिलं. पण वर नाही, कडुनिंबाच्या बुंध्याकडे. तिथे कुणी ओळखीचं उभं असावं तसं बघून ती हसली आणि हात उंचावून म्हणाली, "आले ओ! तुम्हीच म्हणालात ना, जाऊन ये म्हणून? दोन मिनटं!"

त्याने तिला जा म्हटलं नव्हतं. वर चढल्यापासून 'धर', 'सोड' आणि ते पाण्याचं, यापलीकडे तो तिच्याशी बोललाच नव्हता.

४

आता उतरायचं एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. पण कसं? त्या दोरावरून उतरायचं तर 'सोड' म्हणायला हवं, आणि सोडणारं कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. जे हातभर सोडतं ते चाळीस फूटही सोडू शकतं.

चौथी फांदी, अजून न छाटलेली, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीच्या कठड्यापर्यंत उतरत गेली होती. बेचक्यापासून कठडा पंधरा-वीस फूट. गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेले दिसत होते. पोकळ झाडाच्या फांदीवर बिनदोराचा पाय ठेवू नये, हे त्याने किती पोरांना शिकवलं होतं, शिव्या घालून शिकवलं होतं. आज त्याला तेच करायचं होतं. त्याला रडू यायच्या बेतात होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

त्याने फांदीवर पोट टेकलं, दोन्ही पायांनी तिला आवळलं आणि कमरेची कडी उघडली. कडी सुटताना खळ्ळ वाजली. त्याने ती हातातून सोडून दिली आणि सरकायला लागला.

फांदी बोलली. आधी बारीक, मग मुळापर्यंत गेलेली एक लांब कुरकुर. तो थांबला, घामाने डोळे चुरचुरत होते. त्याने भार पुढच्या हातांवर वाटून घेतला आणि वीत-वीत करत सरकत राहिला. मागे वळून बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

"धर!" मागून आवाज आला.

तो धम्मदीपचा आवाज होता. सर्दीने किंचित बसलेला, दोन दिवसांपासून जसा होता तसाच.

आणि पत्र्याच्या पलीकडून, दोन श्वास थांबून, खरीखुरी शर्मिला म्हणाली, "धरलाय!" ती परत जागेवर आली होती.

धम्मदीपने मागे पाहिलं. सुटलेला दोर खाली लोंबत नव्हता. तो सरळ, तारेसारखा ताणलेला, बेचक्याच्या आडोशाला गेला होता. कडी दिसत नव्हती. मग ताण हळूहळू कडुनिंबाकडे सरकला. रिकामा दोर झुलतो, परत येतो, पुन्हा झुलतो. हा झुलला नाही, सावकाश गेला. त्याच्याबरोबर पर्जन्यवृक्षाची पानं माणसाच्या अंगाएवढी बाजूला झाली, परत मिटली, आणि पलीकडे कडुनिंबाचा पाला तेवढाच उघडला.

फांदी मोडली तेव्हा त्याचे हात कठड्यावर होते. खाली मोठा आवाज झाला. तो गॅलरीत आत कोसळला, कुंडी फुटली, गुडघा फुटला.

म्हाताऱ्या गृहस्थांनी पेपर खाली केला. "काय हो, आमच्या घराला दार आहे. बेलही आहे. चालू आहे ती."

"काका, मला खाली जाऊ द्या." तो कठडा धरून उठला.

"मग वर कशाला आलात?" असं म्हणत त्यांनी दार उघडलं.

५

जिना उतरताना तो दोनदा पडला. ओरडून शर्मिलाला सांगावं असं प्रत्येक जिन्यावर त्याच्या मनात आलं, आणि प्रत्येक वेळी त्याने तोंड दाबून धरलं. आपल्या आवाजावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

पार्किंगच्या तोंडाशी पूर्णिमा आगाशे उभ्या होत्या. त्यांनी त्याला हातानेच अडवलं. "इकडून नाही. झाडाचं काम चालू आहे. बोर्ड लावलाय, वाचता येत असेल तर वाचा."

"मॅडम, मीच आहे."

"असाल ना. प्रत्येकजण कुणीतरी असतोच. म्हणून डोक्यावर फांदी घ्यायची?"

ही बाई थट्टेला वेळ-काळ बघत नाही, त्याच्या मनात आलं. शिवाय कामावरच्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवतं कोण? त्याने त्यांचा हात बाजूला सारला आणि पळाला.

शर्मिला जागेवर होती. पाय रोवलेले, पदर खोचलेला, कडुनिंबाला दोन वेढे, आणि दोर तिच्या तळव्यातून इंच-इंच सरकत होता. दोरावर भार होता. वेढे सालीत रुतत होते आणि करकरत होते. माणसाएवढा भार होता, धम्मदीपला नुसत्या बघण्याने कळलं. सत्तर किलो, त्याच्या स्वतःच्या वजनाएवढा.

"शर्मिला," तो म्हणाला, "दोर सोड."

तिने वर लावलेली नजर काढली नाही. "दादा, बाजूला व्हा. वर माणूस हाय."

दादा. रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही माणसाला ती असंच म्हणायची.

"अगं, मी हाय! वर कुणी न्हाई. मी उतरलो, तिकडनं, गॅलरीतनं. बघ तरी माझ्याकडं."

तिने पाहिलं. एकदाच, डोक्यापासून फुटलेल्या गुडघ्यापर्यंत. ज्या डोळ्यांनी आज पहाटे तिने त्याला चहा दिला होता, त्या डोळ्यांत त्याची ओळख नव्हती. राग नव्हता, भीतीही नव्हती. काम करताना मध्ये कुणी आलं की येतो तेवढा वैताग होता. मग तिने पुन्हा वर पाहिलं.

"दादा, हात जोडते, नंतर बोला. आमच्या मालकांचा जीव हाय माझ्या हातात."

तो दोराकडे झेपावला, आणि त्याचा हात हवेतच थांबला. दोर तिच्या हातातून हिसकावला असता तर वरचं जे काही होतं ते पडलं असतं. पडू दे की, तो स्वतःला म्हणत होता, पडू दे! पण पंधरा वर्षं ज्याचं अंग दोरावर लटकलं होतं त्याला भार असलेल्या दोराला हात लावणं जमेना. वर खरंच माणूस असला तर? आणि त्याहून वाईट, त्याहून कितीतरी वाईट: शर्मिला तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती. मग आज चुकत होतं ते कोण? त्याने आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. करवतीचे घट्टे होते, नखांत साल होती. हात त्याचेच होते, असं त्याला वाटलं.

"शर्मिला," तो रडत म्हणाला, "आपल्या घरी... तुझ्या आईने दिलेली पितळी कळशी... तिला पोचा हाय, तू आदळलीस तवाचा... शर्मिला, ऐक की!"

तिचे ओठ किंचित हलले. दोर क्षणभर थांबला. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि ती काहीतरी आठवण्याचा प्रयत्न करते आहे असं त्याला वाटलं. त्या एका क्षणात त्याच्या सगळ्या आयुष्याची आशा गोळा झाली.

कडुनिंबाचा पाला वाजला. दोघांच्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर, हिरव्यातून एक बूट खाली आला, चिखल लागलेला. मग दुसरा. मग धम्मदीपच्या पँटसारख्याच खाकी पँटचे पाय, ओळखीच्या सवयीने गुडघ्यात थोडे दुमडलेले. त्याच्या वरचं पाल्यात होतं.

"काय झालं गं?" वरून आवाज आला, सर्दीने बसलेला, काळजीचा. "का थांबलीस? कोण हाय खाली?"

शर्मिलाच्या कपाळावरची आठी गेली. तिने वेढा चाचपला, पाय रोवले आणि दोर पुन्हा सोडायला लागली.

"कुणी न्हाई ओ," ती म्हणाली. "या तुम्ही, सावकाश या."